हसण्याचं शेपूट

त्यांना सगळे पहिले म्हणायचे. स्टुडिओत नव्याने आलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं, आणि कुणी भाबडेपणाने 'पहिलेसाहेब' अशी हाक मारली की जुनी मंडळी तोंड दाबून हसायची. आडनाव कसलं, तो हुद्दा होता. मास्तरांच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या आधी हसायचं, हे त्यांचं काम. स्टुडिओतले प्रेक्षक म्हणजे अवघडलेली जमात. दिव्यांच्या झोतात बसवलं आणि कॅमेरे रोखले, की विनोद कळला तरी हसावं की नाही हे माणसाला कळत नाही. तो शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो, शेजारचा पुढच्याच्या मानेकडे. कुणीतरी एकाने आधी भीड सोडावी लागते. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, वरून लोंबणाऱ्या माइकच्या बरोबर खाली, बायकोने शिवलेली उशी पाठीशी घेऊन पहिले बसायचे आणि ते काम करायचे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे भाड्याने हसणारा माणूस. म्हणा बापडे. पण खोटं हसणं त्यांना जमतच नसे. विनोद पडला तर ते सरळ गप्प बसत, आणि कार्यक्रम संपला की मास्तर खाली उतरून त्यांच्याजवळ येत आणि विचारत, आज तो पाण्याच्या टाकीचा फुकट गेला ना? पहिले मान हलवत. मास्तर दुसऱ्या दिवशी तो नीट करून आणत. अख्खा जन्म कापडाच्या दुकानात थानं उलगडण्यात आणि परत गुंडाळण्यात गेलेला हा माणूस. त्याचं मत घ्यायला टीव्हीवरचा एवढा मोठा माणूस खाली उतरून येतो, याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप वाटत राहिलं.

मास्तर पूर्वी खरोखरच शाळेत शिकवायचे. कार्यक्रमातही ते फळ्यासमोर उभे राहत, हातात हजेरीपट घेत आणि एकेका मंत्र्याचं नाव पुकारत. अमुक खात्याचे मंत्री, रस्ता करून देतो म्हणाला होतात, हजर? आणि सगळा स्टुडिओ ओरडे, गैरहजर! बस, एवढाच खेळ. पण घराघरांत पोरंटोरंसुद्धा जेवताना एकमेकांची हजेरी घ्यायला लागली होती. संध्याकाळी साडेसात वाजले की गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज यायचा, आणि त्या आवाजात सर्वांत आधी पहिल्यांचं हसू. खोल, पोटातून आलेलं, शेवटी जरा खोकल्याकडे झुकणारं.

हसण्याला शेपूट असतं, हे त्यांना कानसेनने सांगितलं. कानसेन म्हणजे स्टुडिओतला आवाजाचा माणूस. डोक्यावर टक्कल, कानावर कायम ते मोठे हेडफोन, आणि स्वभाव असा की भांडायला गेलात तर तुम्हालाच चहा पाजेल. तो म्हणायचा, दादा, लोक हसण्याचं तोंड ऐकतात, मी शेपूट ऐकतो. खरं हसू एकदम थांबत नाही, ते सावकाश विरतं, श्वास परत जागेवर येईपर्यंत. खोट्या हसण्याला शेपूट नसतं. म्हणून तो हशा कापून ठेवताना शेपूट कधी कापत नसे.

तर मास्तरांनी एका मंत्र्याची हजेरी घेतली, आणि तिथून सगळं बिघडलं. मंत्रिमहोदयांनी एकाच पुलाची फीत तीन वेळा कापली होती. मास्तरांनी फळ्यावर गणित घातलं: एका पुलाचं उद्घाटन तीनदा झालं, तर खालून नद्या किती वाहतात? पहिले इतके हसले की उशी खाली पडली. दोन दिवसांनी मंत्री कुठल्याशा समारंभात सहज बोलावं तसं बोलले की काही वाहिन्यांनी आपल्या परवान्याचा विचार करावा. बस. हुकूम नाही, कागद नाही, काही नाही. पण वाहिनी चालवणाऱ्या कंपनीच्या मालकाला तेवढं पुरलं. त्याच आठवड्यात टीव्हीवर एक पाटी आली. प्रेक्षकांच्या भावनांचा मान राखून कार्यक्रम तूर्त थांबवण्यात येत आहे.

आता प्रेक्षक म्हणजे कोण? प्रेक्षक तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फाटकासमोर उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी झेंडा धरला नव्हता. एका म्हाताऱ्याने पिशवीतून घरचा रिमोट काढला आणि फाटकाशी ठेवून दिला, घ्या तुमचं तुम्हाला म्हणून. त्याच्यामागून दुसऱ्याने ठेवला. संध्याकाळपर्यंत तिथे रिमोटचा ढीग झाला आणि रखवालदाराला फाटक उघडता येईना. लोकांचा राग मंत्र्यावर होता, नाही असं नाही. पण मंत्र्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. राग होता तो कंपनीवर. इतकी वर्षं आमच्या घरात बसून आमचं जेवण बघितलंत, आणि एका माणसाने डोळे वटारले तर शेपूट घालून बसलात? बायका तर असं बोलत होत्या की इथे लिहिता येत नाही.

पहिल्यांना कार्यक्रमाची निर्मिती बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. त्याच वेळेला नवा कार्यक्रम सुरू होतोय, खुर्ची तुमचीच आहे, उद्यापासून या. नवा सूत्रधार म्हणजे ज्याला स्टुडिओत सगळे गोडबोल्या म्हणत. पहिले गेले. नाही कसं म्हणायचं ते फोनवर सुचेना म्हणून गेले. गोडबोल्या तालीम करत होता, मंत्र्यांच्या नव्या चष्म्यावर लाडिक काहीतरी बोलत होता. मॅडमनी खूण केली. पहिल्यांनी तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. त्यांनी उशी उचलली, काखेत धरली आणि सगळ्यांच्या देखत दाराबाहेर पडले. कानसेनने काचेमागून बघितलं आणि मान खाली घातली.

ते घरी आले. घरी आता होतं कोण? बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. पहिल्यांच्या दिवसात माणसं होती ती फक्त त्या स्टुडिओतली. सकाळ पेपरात जायची, दुपार झोपेत जायची, आणि संध्याकाळी माणसांत. आता संध्याकाळसुद्धा गेली. ते उशी कुठे ठेवावी म्हणून घरभर फिरले आणि शेवटी पलंगावर बायको झोपायची त्या बाजूला ठेवली.

आणि तिथेच गंमत झाली. म्हणजे गंमत म्हणायची तर म्हणा. लोकांनी ठरवलं की रोज साडेसातला टीव्ही बंद करायचा, घराबाहेर गॅलरीत येऊन उभं राहायचं, आणि अर्धा तास चकार शब्द बोलायचा नाही. मास्तरांचं तोंड बंद केलंत ना, मग ऐका आता आमची शांतता. गावभर हे पसरलं. पहिल्यांच्या इमारतीत एका मजल्यावर एकच लांब गॅलरी, सगळ्यांची दारं तिच्यावर उघडणारी. पहिल्या संध्याकाळी पहिले दाराच्या आतच घुटमळत होते. शेजारच्या पोस्टातल्या बाईंनी त्यांना बघितलं. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माणसाला अजून काउंटरपलीकडून बघावं तशाच बघायच्या. त्यांनी घरातून एक खुर्ची आणली, आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि बोटाने दाखवली. बोलायचं नव्हतं ना. पहिले येऊन बसले.

अर्धा तास संपला की मात्र सगळी गॅलरी एकदम बोलायला लागायची. पहिल्यांनी नोकरीवर लाथ मारली हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. पलीकडच्या घरातल्या वकिलाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. कुणी भजी आणली, कुणी मास्तरांच्या आठवणी काढल्या, आणि मास्तर आतून कसे आहेत हे सांगायला पहिल्यांशिवाय होतं कोण? इतक्या वर्षांत ज्यांनी जिन्यावर नुसती मान हलवली होती ती माणसं त्यांना जेवायला बोलवायला लागली. बाई रोज संध्याकाळी ती खुर्ची बाहेर ठेवायच्या. पहिले सकाळपासून त्या खुर्चीची वाट बघायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण बायकोच्या मागे पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही वाटत होती.

 एका संध्याकाळी अर्धा तास झाल्यावर वकील जवळ आला आणि हळूच विचारता झाला, पहिले, तुम्ही अजून तिकडे जाता का हो?

"कुठे?"

"कंपनीत. माझ्या मेहुण्याने काल चुकून तो गोडबोल्याचा कार्यक्रम लावला. तो म्हणतो, सगळ्यांच्या आधी तुमचं हसू आहे."

पहिले हसण्यावारी न्यायला गेले, पण कुणी हसलं नाही. त्यांनी शपथ घेतली. नवा कार्यक्रम दुपारीच भरून ठेवतात म्हणे, दुपारी कुठे असता, असं कुणीतरी विचारलं. झोपलेला असतो, ते म्हणाले, आणि ते त्यांचं त्यांनाच किती पोकळ वाटलं. बाई उठल्या. त्या आपली खुर्ची उचलून आत गेल्या.

पहिल्यांनी घरात येऊन कानसेनला फोन लावला. त्याने बऱ्याच वेळाने उचलला आणि यांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं. हो दादा, ते तुम्हीच आहात. वहिनींच्या आजारपणात आपण ते भरून ठेवलं होतं ना, तेच काढलंय मॅडमनी.

पहिल्यांच्या लक्षात आलं. बायको दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट. तिच्याजवळ बसायचं तर कार्यक्रम बुडणार. तेव्हा मास्तरांनी आणि कानसेनने मिळून युक्ती काढली की एका दुपारी रिकाम्या स्टुडिओत पहिल्यांचं वेगवेगळं हसू ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, लहान, मोठं, फुटलेलं, दाबलेलं, आणि ते नसतील त्या दिवशी तेच वाजवायचं. केवढा चांगुलपणा. त्या वेळी पहिल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि आता तेच हसू गोडबोल्याच्या पायाशी पसरलं होतं.

"पुसून टाक," पहिले ओरडले. "सगळं पुसून टाक. माझं आहे ते."

कानसेन पडलेल्या आवाजात म्हणाला की ते त्यांचं नाही, कंपनीची मालमत्ता आहे, आणि हात लावला तर त्याची नोकरी जाईल, घरी दोन शिकणाऱ्या मुली आहेत. मग असू दे, वाजव, असं म्हणून पहिल्यांनी फोन आपटला. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला गाठून सगळं समजावून सांगितलं. वकिलाने ऐकून घेतलं, पण ऐकून घेणं आणि पटणं यांत किती अंतर असतं हे वकिलाच्या तोंडावर जेवढं दिसतं तेवढं कुठे दिसत नाही. आधीच भरून ठेवलेलं हसू? म्हणजे तुम्हीच दिलेलं ना? आणि फुकट दिलंत का? संध्याकाळी साडेसातला पहिले दार उघडून बाहेर आले. सगळे होते. बाईंची खुर्ची होती. तिच्याशेजारी जागा रिकामी होती आणि तिथे खुर्ची नव्हती. ते क्षणभर त्या जागेकडे बघत उभे राहिले, मग आत गेले आणि दार लोटून घेतलं.

आत करायचं काय? दूध तापत ठेवलं. पलंगावर बसले, उठले. बाहेर ती शांतता, आणि त्या शांततेतून आपल्याला हाकललंय हे कळणं. शेवटी, निदान हे लोक कशावरून आपल्याला चोर म्हणतात ते स्वतःच्या कानांनी तरी ऐकावं, म्हणून त्यांनी टीव्ही लावला. आवाज अगदी बारीक ठेवला आणि पडद्याला कान लावून बसले.

गोडबोल्या तोच फळा घेऊन उभा होता. लाज विकून खाल्ली की माणसाला काहीही शोभतं. पहिल्यांना एकेक हसू ओळखू येत होतं. हे दाबलेलं, हे मोठं, ज्यात कानसेनने हात वर करून थांबवलं होतं ते. राग येत होता आणि तरी अंगावर काटा येत होता, कारण हे चार वर्षांपूर्वीचे पहिले होते, ज्यांची बायको अजून जिवंत होती. मग गोडबोल्या म्हणाला, काही मास्तरांना आता घरीच बसून स्वतःची हजेरी घ्यावी लागते. आणि त्याखाली पहिल्यांचं हसू फुटलं, पोटातून, खरंखुरं, आणि विरत विरत गेलं, आणि अगदी शेवटी, श्वास जागेवर येता येता, नाकातून एक फुर्र झालं.

ते पहिल्यांचं नव्हतं.

ती तशी हसायची. तोंड मिटून, ओठ दाबून, आणि मग आवरेनासं झालं की नाकातून फुर्र. आयुष्यभर त्यांनी तिला त्यावरून चिडवलं होतं, तुझं हसू म्हणजे कुकरची शिट्टी होता होता राहिली. त्या दुपारी ती स्टुडिओत होती. तपासणी संपवून दोघं तसेच आले होते. पहिले खुर्चीवर बसले, कानसेनने हात खाली केला, आणि हसूच येईना. येणार कुठून? मास्तरांनी जुने विनोद सांगून बघितले. काही नाही. तेव्हा ती उठली, सावकाश चालत फळ्यापाशी गेली, मास्तरांच्या हातातला हजेरीपट घेतला आणि नाकावर चष्मा ओढून नवऱ्याची हजेरी घ्यायला लागली. छत्री? हजर, पहिले म्हणाले. घराची किल्ली? हजर. दुधाखालचा गॅस? पहिले बोलेनात. गॅस बंद केलाय की नाही ते त्यांना आठवेचना. त्यांचं ते तोंड बघून ती म्हणाली, गैरहजर, आणि अहो घर पेटलं असेल एव्हाना, आणि पहिले फुटले. ती फुटली. मास्तर फळ्याला टेकून हसले. दूध खरंच उतू गेलं होतं. भांडं तिलाच घासावं लागलं.

पहिल्यांनी टीव्हीच्या काचेवर हात ठेवला. तिचे फोटो घरात होते, भरपूर होते. आवाज मात्र कुठेच नव्हता. दोघं कधी लांब राहिलेच नाहीत, मग निरोप ठेवायचा कुणी आणि कुणासाठी? फोन कायम यांच्या खिशात. आवाजाच्याच धंद्यात म्हातारपण काढलेल्या माणसाच्या घरात बायकोचा आवाज नव्हता, आणि तो होता कुठे, तर ज्या कंपनीचं तोंड बघायचं नाही असं अख्ख्या गावाने ठरवलं होतं तिच्यापाशी. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. पहिल्यांना ते वासावरून कळलं.

पुढच्या संध्याकाळी साडेसातला त्यांनी टीव्ही लावला. त्याच्या पुढच्याही. फुर्र रोज येत नसे. कधी यायचं, कधी नाही. बारीक आवाजात ते निसटून जायचं, म्हणून त्यांनी आवाज वाढवला. त्यांना कळत होतं की बाहेर सगळी गॅलरी शांत उभी आहे आणि त्या शांततेत गोडबोल्याचा आवाज फक्त त्यांच्या घरातून येतोय. भिंतीवर एकदा ठकठक झाली. बाईंची असणार. खिडकीतून निळा उजेड बाहेर पडतोय हेही त्यांना माहीत होतं. बाहेर जाऊन सांगावं असं रोज मनात यायचं, पण सांगायचं काय? तुमचा राग खरा आहे, माझाही आहे, पण माझी बायको तिकडे आहे? जीभ रेटत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते वाटून घ्यायचंही नव्हतं. मास्तरांची मात्र त्यांना फार लाज वाटायची. तिचं हसू यायचं ते नेमकं मास्तरांची टिंगल झाली की, आणि पहिले त्या टिंगलीची वाट बघायला लागले होते.

जिन्यावर आता कुणी मानसुद्धा हलवत नव्हतं. वकिलाच्या बायकोने त्यांना बघून दार लावून घेतलं. पहिले खाली मान घालून यायचे जायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं, कानसेनला विचारायचं. त्या दुपारचं ते मूळ ध्वनिमुद्रण, अख्खं, तिच्या हजेरीसकट, त्याच्याकडे असणारच. तो काही फेकून देणाऱ्यांतला नव्हता. त्याची एक प्रत द्यायची म्हणजे चोरी नव्हे. मग टीव्ही नको, गोडबोल्या नको, मग खुशाल गॅलरीत जाऊन उभं राहायचं, खुर्ची मिळो न मिळो. त्यांनी फोन केला, उचलला गेला नाही. पुन्हा केला. आपण मागच्या वेळी फोन आपटला याचं त्यांना फार वाईट वाटलं. भेटून बोलू, असं त्यांनी मनाशी घोकलं. काय बोलायचं तेही ठरवलं. आधी माफी, मग चहा, आणि मग ते.

रविवारी सकाळी कानसेन स्वतःच आला. हेडफोन नसल्यामुळे तो आधी ओळखूच येईना. जिन्यावरून धापा टाकत वर आला, आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या पोस्टातल्या बाईंनी विचारलं, कोण पाहिजे? पहिल्यांचं नाव काढताच बाईंचं तोंड वाकडं झालं. आणि मग त्या गरीब माणसाने, जो कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. वकील बाहेर आला, त्याची बायको आली. पहिले तिकडे गेलेच नाहीत हो. चार वर्षांपूर्वीचं हसू होतं ते, बायको आजारी होती तेव्हाचं. मी कंपनीत बसून रोज वाजवत होतो. नालायक मी आहे.

पहिले दारात उभे होते. कानसेन त्यांच्याकडे वळला. त्याचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर मात्र ओझं उतरल्याचं समाधान होतं.

"दादा, पुसलं," तो म्हणाला. "सगळं पुसलं. कापलेले तुकडे, मूळ ध्वनिमुद्रण, जपून ठेवलेली प्रत, काही शिल्लक ठेवलं नाही. आता त्यांनी जमीन खणली तरी सापडायचं नाही."

पहिल्यांनी उंबऱ्यावरून एक पाऊल मागे घेतलं.

"तुम्ही सांगितलंत तेव्हा हिंमत झाली नाही. पण परवा शेपटाला वहिनींचा आवाज ऐकला. इतके दिवस वाजवतोय आणि मला कळलं नव्हतं, आणि म्हणे मी कानसेन. त्या माउलीचं हसू त्या माणसाच्या तोंडाखाली? मला सहनच होईना हो. काल शेवटचं काढून टाकलं आणि राजीनामा टेबलावर ठेवून आलो."

पहिल्यांनी दाराची चौकट धरली.  समोरचा माणूस दोन मुलींचा बाप होता, नोकरी सोडून आला होता, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं त्यापेक्षा जास्त त्याने केलं होतं. तिच्या मानासाठी केलं होतं. त्याला आता काय सांगायचं? पहिल्यांनी पुढे होऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "फार बरं केलंस."

कानसेन रडला. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि चहा टाकते म्हणून आत पळाल्या. वकील घसा खाकरत म्हणाला की अशा माणसाला नोकरीवरून त्रास झाला तर आपण बघून घेऊ, फीचं नाव काढायचं नाही. गॅलरीत लगेच ही गर्दी जमली. जो तो कानसेनला आपल्या घरी न्यायला बघत होता, आणि पहिल्यांना तर कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं सगळ्यांना. पहिले सगळ्यांकडे बघून मान हलवत होते. कुणी विचारलं की हो म्हणत होते.

संध्याकाळी बाईंची खुर्ची बाहेर आली, तिच्याशेजारी दुसरी आली, आणि त्या दुसरीवर बाईंनी आज घरातली जाड गादीही घातली. साडेसात वाजायच्या आधी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, पहिले, आमचं चुकलं. पण तुमच्याकडून टीव्हीचा आवाज यायचा ना, म्हणून वाटलं. कशाला लावत होतात हो?

"सवय," पहिले म्हणाले.

मग सगळे गप्प झाले. समोरच्या इमारतीत, तिच्यापलीकडच्या इमारतीत, गॅलऱ्यांतून माणसं उभी होती. एकही टीव्ही चालू नव्हता. केवढा राग होता त्या शांततेत, आणि केवढा खरा. पहिलेही त्या रागात होते, मनापासून होते. फक्त त्यांना ती शांतता फार मोठी वाटत होती. आता घरात जाऊन कुठलंही बटण दाबलं तरी काही ऐकू येणार नव्हतं.

बाईंनी नाक फुगवलं. हवेत हुंगलं. मग सगळ्या गॅलरीचा नियम मोडून त्या मोठ्याने म्हणाल्या, "पहिले, तुमचा गॅस!"

पहिले धडपडत आत धावले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं. त्यांनी गॅस बंद केला, भांडं उतरवलं, बोट भाजलं, आणि फडकं घेऊन तसेच दारात आले. त्यांचा तो अवतार बघून आधी वकील फसकन हसला, मग बाई, मग सगळी गॅलरी. इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू होतं ते, थांबता थांबेना. समोरच्या इमारतीतली माणसं वाकून बघायला लागली.

पहिले दारात उभे राहून ते ऐकत होते. हसू हळूहळू ओसरलं. वकील थांबला, बाईंचं थांबलं, कुणाचं तरी लांबवर थोडं उरलं होतं तेही विरलं, सगळ्यांचे श्वास जागेवर आले. तरी पहिले मान जराशी कलती करून तसेच उभे होते.

काय ऐकताय, असं बाईंनी विचारलं.

"संपलं का ते बघत होतो," पहिले म्हणाले, आणि फडकं खांद्यावर टाकून खुर्चीत येऊन बसले.